शनिवारचा कोरा आवाज

आधीच कबूल करतो, इथले अनुभव मी आजवर डबा खाताना वाचायचो. हसायला. अमावस्या, घाटातलं वळण, लिफ्ट मागणारी बाई... आमच्या ऑफिसात या विषयावरची सगळ्यात वात्रट कॉमेंट माझी असायची. तेव्हा खाली माझी जी काय खेचायची ती खुशाल खेचा, हिशोब बरोबर होईल.

मी विमा कंपनीत आहे, वय सेहेचाळीस, राहायला कर्वेनगर. घरात मी, बायको मेधा आणि माझे वडील, नाना. वय एकोणऐंशी, पोस्टातून रिटायर. गेल्या वर्षी ऑफिसच्या गॅदरिंगला मी निवेदन केलं आणि तिघांनी सांगितलं, "सर, काय आवाज आहे तुमचा!" तिघांपैकी दोघं माझ्या हाताखाली काम करतात, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी ठरवून टाकलं की आता ऑडिओबुकं वाचायची. शनिवार पेठेत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, शैला मॅडमचा अभिनय आणि आवाजाचा क्लास असतो. दर शनिवारी सकाळी अकरा. तो लावला.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तुमचा. फक्त तुम्ही तो वापरत नाही. आत्ता जो बोलताय तो बँकेच्या रांगेतला आहे."

मॅडमची एक पद्धत आहे — 'कोरा आवाज'. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा नाही, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, आणि ठरलेला उतारा फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवायचा. उतारा त्यांनीच लिहिलेला, दहा-बारा ओळींचा. एक माणूस घराची किल्ली शोधतोय. खिसे, पिशवी, पायपुसणं, कुंडी... शेवटची ओळ, 'दार मात्र उघडंच होतं.' मागे पंखा असू दे, कुकर असू दे, त्यांची हरकत नाही. त्यामुळे माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी बाहेरच्या खोलीतून नाना खाकरायचे आणि विचारायचे, "पेपर आला का रे?" मॅडम म्हणायच्या, "बघा, वडिलांचा आवाज कसा पोटातून येतो. शिका काहीतरी."

चार महिने मी इमानदारीत केलं. (बरं... साडेतीन.) मग माझ्या सुपीक डोक्यात आलं की उतारा तोच, माणूस तोच, मग रोज सकाळी तोंड बांधून कशाला बसायचं? एका रविवारी दुपारी तीन वाजता, मेधा माहेरी, नाना शेजारच्या बिल्डिंगमध्ये रमीला, असा मोका साधून मी लागोपाठ सहा वेळा उतारा वाचला. सोमवार ते शनिवार. थोडा झोपाळू आवाज काढून — अभिनयाचा क्लास होता ना! आणि रोज सकाळी चहाचा घोट घेत घेत एकेक फाइल पाठवली.

शनिवारी क्लासला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "बुधवारी थंड काय खाल्लंत? गुरुवारी नाक पूर्ण चोंदलेलं आहे."

बुधवारी मी मस्तानी प्यायलो होतो. गुरुवारी सर्दीही झाली होती. पण फाइल तर रविवारची! मी मनात म्हटलं, बाईंनी अंदाज मारला आणि लागला.

"आणि शुक्रवारी लाइट नव्हते ना तुमच्याकडे? पंखा ऐकू येत नाही."

शुक्रवारी सकाळी खरंच लाइट गेले होते. रविवारी दुपारी मात्र पंखा पाचवर होता.

घरी येऊन हेडफोन लावले. गुरुवारची फाइल — नाक चोंदलेलं. शुक्रवारची — पंखा गायब, लांबवर कुणाचं तरी इन्व्हर्टर कुईं करतंय. आणि सहाच्या सहा फाइल्सच्या शेवटी नाना. खाकरणं. "पेपर आला का रे?"

नाना तेव्हा रमी खेळत होते हो!

मेधाला ऐकवलं. ती म्हणाली, "सकाळी केलं असशील आणि विसरला असशील. तू गॅस बंद करायचा विसरतोस." मी तारखा दाखवल्या. सगळ्या रविवारच्या, तीन वाजून काही मिनिटं. त्या बघून ती म्हणाली, "डिलीट कर आणि परत असलं करू नकोस."

शहाण्या माणसाने ऐकलं असतं. पण पुढच्या शनिवारी, नेमकी क्लासच्याच वेळेला, अकरा वाजता माझी ऑडिशन होती, एका ऑडिओबुक कंपनीत. मला वाटलं, आधीच ऐकून ठेवू की त्या दिवशी आवाज कसा लागणार आहे! दुसऱ्या दिवशी, रविवारी, नाना रमीला गेल्या गेल्या मी पुन्हा सहा वेळा वाचलं आणि थेट शनिवारची फाइल लावली.

मंडळी, तो आवाज... तो माझाच होता, पण मी तसा कधी बोललेलो नाही. खाली, खर्जात, शांत. घाई नाही. किल्ली शोधणारा माणूस खरंच शोधत होता. 'दार मात्र उघडंच होतं' या ओळीला माझ्याच अंगावर काटा आला. ज्या आवाजासाठी मॅडम चार महिने माझ्यावर ओरडत होत्या, तो हा. मी खुर्चीतून उठून नाचलो. ऑडिशन खिशात!

मग लक्षात आलं की फाइल संपली आणि कुणी खाकरलं नाही.

पुन्हा लावली. पंखा आहे. मी आहे. नाना नाहीत. सोमवार लावला — आहेत. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार — "पेपर आला का रे?" शनिवार — नुसता पंखा.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. सकाळी उठून नानांच्या खोलीच्या दारात श्वास ऐकत उभा राहायचो. "दारात काय उभा? दूध उतू जातंय तिकडे." ऑफिसातून तासातासाला फोन. "नाना, काय करताय?" "तुझा फोन घेतोय." डॉक्टरकडे चला म्हटलं तर, "मला काय धाड भरलीय?" मी थाप मारली की ऑफिसच्या नवीन स्कीमसाठी वडिलांची तपासणी लागते. नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, "एकोणऐंशीव्या वर्षी माझा विमा कोण उतरवतोय? त्याची तपासणी कर आधी."

बुधवारी दुपारी न राहवून मॅडमना फोन केला आणि सगळं ओकलो, रविवारच्या लबाडीसकट. वाटलं, क्लासमधून काढणार. त्यांनी एवढंच विचारलं,

"वडील आत्ता कुठे आहेत?"

"घरी. शब्दकोडं सोडवतायत."

"मग मला काय फोन करताय? त्यांना डॉक्टरकडे न्या. आणि शनिवारची फाइल मला पाठवू नका. शनिवारी उठायचं आणि खरं वाचायचं. जिथे असाल तिथे."

गुरुवारी संध्याकाळी मी नानांच्या समोर जाऊन उभा राहिलो. नवीन थाप तयार होती, पण तोंडातून आवाजच फुटेना. आवाजाच्या क्लासला चार महिने जाणारा माणूस! नानांनी माझ्याकडे पाहिलं, पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "इतका घाबरलायस होय? चल. चप्पल कुठेय माझी?"

डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का, दम लागतो का? नाना म्हणाले, "नाही. याला लागतो." मग कार्डिओग्राम काढला आणि डॉक्टरांचं हसणं थांबलं. शुक्रवारी सकाळी दहाला दाखल, दुपारी अँजिओप्लास्टी. दोन ब्लॉक, त्यातला एक जवळजवळ पूर्ण. डॉक्टर म्हणाले, "काही तक्रार नसताना आणलंत कसं काय?" मी म्हटलं, "सहज." दुसरं काय सांगणार?

शनिवारी सकाळी नानांना रूममध्ये हलवलं. मी कोपऱ्यातल्या बाकावर होतो, चहा झालेला नव्हता, कुणाशी बोललो नव्हतो. फोन काढला आणि वाचलं. काय वाचलं ते विचारू नका. घशात खरखर, श्वास भलतीकडे, दोन ओळी गाळल्या. 'दार मात्र उघडंच होतं' म्हणालो आणि थांबलो. फोन तसाच चालू धरून बसलो. सेकंद पुढे जात होते. दहा... पंधरा...

कॉटवरून खाकरण्याचा आवाज आला.

"पेपर आला का रे?"

पाठवून दिलं. दहा मिनिटांत मॅडमचा मेसेज — 'घाई. श्वास चुकला. दोन ओळी खाल्ल्या. वडिलांचा आवाज नेहमीप्रमाणे उत्तम.' माझ्या वाचनावर इतका चांगला अभिप्राय मला आजवर मिळालेला नाही.

ऑडिशन अर्थातच बुडाली. नंतर दुसरी दिली, त्यात नापास झालो. नाना ठणठणीत आहेत, रमीत हरतात आणि पत्ते वाटणाऱ्याला दोष देतात. मी रोज सकाळी कोरा आवाज पाठवतो, त्या दिवशीचा त्या दिवशी. हे काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही. फोनमधला बिघाड म्हणावा तर कुठल्या फोनला पुढचा शनिवार माहीत असतो? मेधा हा विषय काढू देत नाही.

क्लासला अजून जातो. परवाच मॅडम वैतागून म्हणाल्या, "तुमचा खरा आवाज आहे तरी कुठे हो? सापडतच नाही."

मला माहीत आहे तो कुठे आहे. माझ्या फोनमध्ये, रविवार दुपार, तीन वाजून सतरा मिनिटं. डिलीट करायला हात धजत नाही आणि पुन्हा ऐकायची छाती नाही. कारण तसा आवाज लागायला त्या फाइलमधल्या माणसाचं काय गेलं होतं, ते मला ठाऊक आहे.

मला आपला बँकेच्या रांगेतलाच बरा आहे.