सेक्टरभर झोपलेले बाबा

हॉलच्या सेक्रेटरींनी आमचा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "साड्या कसल्या आहेत? कॉटन?"

त्यांचा तरी काय दोष! त्या वर्षांत वाशीत प्रदर्शन म्हटलं की साड्या, चादरी, नाहीतर लोणची-पापड. आमच्या सेक्टरच्या समाजमंदिरात शनिवार-रविवार यातलं काहीतरी भरलेलं असायचं आणि उरलेल्या दिवशी बारशी नि साखरपुडे. चित्रांची प्रदर्शनं खाडीपलीकडे मुंबईत व्हायची, आणि तिथल्या गॅलऱ्यांमध्ये आमच्यासारख्या शिकाऊ पोरांना कुणी दारातही उभं करत नव्हतं. आम्ही पाच जण, कला महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षातले, पाचही नवी मुंबईकर. आपल्या गावात आपणच प्रदर्शन भरवायचं असं ठरवून मोकळे झालो होतो.

"चित्रांचं प्रदर्शन आहे, काका," मी म्हणाले.

"साड्या अजिबातच नाहीत?"

"एका चित्रात बाई साडी नेसलीय. चालेल?"

राग तेव्हा माझ्या नाकावर मुक्कामालाच असायचा. आमच्यातल्या ऐरोलीच्या मुलाने माझी ओढणी मागून खेचली आणि स्वतः गोड आवाजात पुढचं बोलणं केलं. हॉल मिळाला, शनिवार आणि रविवार. अट एकच. भिंती नुकत्या रंगवल्यात, खिळा ठोकायचा नाही. आम्ही पाचही जणांनी एका सुरात "नाही ठोकणार" म्हटलं आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर अक्षरशः नाचलो. चित्रं मग टांगायची कुठे, हा प्रश्न घरी पोचेपर्यंत कुणालाच पडला नाही. (शेवटी मांडववाल्याकडून बांबू आणले, उभे-आडवे बांधले आणि त्यांना चित्रं लटकवली. मांडववाला बांबूंना गुलाबी झालर लावायला निघाला होता, त्याला हातापाया पडून थांबवलं.)

माझ्या आनंदात मात्र एक खडा होता, आणि तो चांगला दारभर उंचीचा होता. ते माझंच चित्र होतं. त्यात माझे बाबा झोपलेले होते.

बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात होते आणि बहुतेक वेळा थर्ड शिफ्टला. सकाळी साडेसातला कंपनीची बस त्यांना सेक्टरच्या कोपऱ्यावर सोडायची. अंघोळ, चहा, पेपर, जेवण, की पडदे ओढून बाहेरच्या खोलीत गादीवर आडवे. चारपर्यंत. आई मुंबईला ऑफिसात. कॉलेजात आम्हाला आठवड्यातून दोनदा मॉडेल मिळायचं आणि ते सारखं पाय हलवायचं. बाबा हलत नसत. एकदा मी घरी लवकर आले, तेव्हा सहज म्हणून वही काढली, आणि मग जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून त्यांनाच काढत राहिले. त्यावरून मोठं तैलचित्र केलं ते कोपरखैरण्याच्या मैत्रिणीच्या घरी, कारण आमच्याकडे ते लपवायला जागा नव्हती.

लपवायचं कारण असं, की आमचे बाबा दूध आणायला खाली जातानाही इस्त्रीचा शर्ट घालून जाणारे. आणि चित्रात ते खांद्यावर विरलेल्या बनियनमध्ये, एक हात डोळ्यांवर टाकून, एक गुडघा वर घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून पडलेले. पाय बघणाऱ्याकडे. त्या पायांवर कंपनीच्या जड बुटांचे वळ. मी त्यांना विचारलं नव्हतं. आधी विचारावंसं वाटलं नाही आणि नंतर विचारायची हिंमत राहिली नाही. बाकी चौघांनी चित्र बघितलं आणि मधली जागा याचीच, असं एकमताने ठरवून टाकलं. मला आनंद झाला आणि मी नको म्हटलं नाही.

त्यातून कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरची जागा निघाली होती. यंत्रांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ते गिरवायचे. "तुझा हात सरळ आहे, बसून काम आहे, डोक्यावर पंखा आहे," बाबा म्हणाले होते. "चित्रं काढून पुढे काय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमचं ते प्रदर्शन होऊ दे आणि सोमवारी साहेबांना भेटायला चल." मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हणायची ताकद नव्हती. प्रदर्शनात माझं काम बघून त्यांचं मन बदलेल, एवढीच आशा होती. आणि दाखवायला माझ्याकडे होतं काय? त्यांचंच फाटकं बनियन!

निमंत्रणपत्रिका आम्ही स्वतः छापली. ऐरोलीच्या मुलाच्या घराच्या गॅलरीत स्क्रीन प्रिंटिंगचा संसार मांडला. दोन रंग, हाताने ओढलेले, प्रत्येक कार्ड दोरीवर चिमट्याने वाळत घातलेलं. वर माझ्या चित्रातल्या झोपलेल्या माणसाच्या चारच रेषा, खाली आमची पाच नावं. अक्षरं कशी असावीत यावर दोन दिवस भांडण. नावं खाली असावीत की कडेला, यावर आणखी एक दिवस. ऐरोलीचा म्हणत होता की डाव्या बाजूला मोकळी जागा राहिलीच पाहिजे, तीच या कार्डाचा प्राण आहे. मी म्हटलं प्राण जाऊ दे, माणूस मोठा छाप. शेवटी दोघांचंही झालं. इतकं देखणं कार्ड मी आजवर पाहिलेलं नाही, हे मी अजूनही कुणाशीही भांडून सांगेन. पेपरवाल्याला लाडीगोडी लावून शुक्रवारी सकाळच्या पेपरात ते घरोघरी टाकायला दिलं.

शुक्रवारी सकाळी बाबा आले, अंघोळ झाली, चहा घेऊन पेपर उघडला. कार्ड मांडीवर पडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात पोळी लाटायचं लाटणं.

"तुमचंच ना हे?"

"हो."

त्यांनी ते लांब धरून बघितलं. "छान आहे. हा कोण? पिऊन पडलाय का?"

दारूचा त्यांना इतका तिटकारा, की पिणाऱ्याच्या शेजारी ते बसमध्येसुद्धा बसत नसत.

"नाही. झोपलाय."

"मग ठीक आहे." त्यांनी कार्ड उलटं केलं. परत सुलटं केलं. परत उलटं. "यायचं कुठे?"

"म्हणजे?"

"अगं, लोकांनी यायचं कुठे? पत्ता नाही. कधी यायचं? तारीख नाही, वेळ नाही."

मी कार्ड त्यांच्या हातातून हिसकावलं. नव्हताच पत्ता. पत्त्याने मोकळी जागा बिघडते म्हणून तो मागच्या बाजूला घेऊ, असं आम्ही ठरवलं होतं, आणि मागची बाजू पाचांपैकी कुणीच छापली नव्हती. बाबा हसायला लागले. चहा सांडेपर्यंत हसले. "चित्रकार!" म्हणाले, डोळे पुसले, जेवले आणि झोपायला गेले.

दुपारी बाराला आम्ही पाच जण हॉलसमोर. दुसऱ्या दिवशी अकराला उद्घाटन. आधी एकमेकांना दोष देऊन झाला, त्यात मी आघाडीवर होते. मग कोपरखैरण्याची मैत्रीण म्हणाली, "कार्ड सगळ्यांकडे हाय ना? मग कार्डावरचा मानूसच रस्त्यावर काढू. लोक त्याच्या मागोमाग येतील." ती मूळ तिथल्या जुन्या गावातली, आणि चिडल्यावर किंवा खूश झाल्यावर कॉलेजची भाषा सोडून घरची बोलायची. त्या क्षणी ती प्रचंड खूश होती.

चुना आणला, गेरू आणला, रंगारी वापरतात ते कुंचे आणले. स्टेशनपासून, मार्केटपासून, बसस्टॉपपासून हॉलपर्यंत प्रत्येक वळणावर डांबरी रस्त्याच्या कडेला एक झोपलेला माणूस, पुरा साडेपाच फुटी, त्याच्या पायाकडे बाण, आणि बाणापाशी ‘चित्रप्रदर्शन, शनि-रवि, ११ ते ८’. पहिले दोन काढेपर्यंत मला नुसती मजा वाटत होती. गुडघे पांढरे, हात लाल, येणारा-जाणारा थांबतोय, रिक्षावाले वाकून बघतायत, एक जण म्हणतोय, "मॅडम, माझ्या घरासमोर पण काढा ना!" तिसऱ्या वळणावर मी गुडघ्याची रेघ ओढली आणि तिथेच थांबले. बाबा या क्षणी घरात झोपले होते, आणि मी त्यांना रस्त्यात झोपवत होते.

"काय झालं?" ऐरोलीच्याने विचारलं.

"काही नाही," म्हटलं आणि चौथ्या वळणाकडे पळाले. आता थांबले असते तर पुन्हा हात चालला नसता.

एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. रस्त्यावर चुन्याने आखलेली माणसाची आकृती लोकांनी एकाच प्रसंगी बघितलेली असते. संध्याकाळी मार्केटच्या वळणावर ही गर्दी! एक आजोबा हात जोडून उभे. "कुठला होता हो बिचारा?" दुसरा सांगतोय, टेम्पोने उडवलं. मी घसा ताणून सांगितलं, "आजोबा, कुणी गेलं नाहीये! प्रदर्शन आहे!" तर ते म्हणाले, "कसलं? साड्यांचं?"

शनिवारी अकराला सेक्रेटरींनी फीत कापली आणि हॉल भरला. खरंच भरला! अपघात कुठे झाला ते बघायला आलेले, साड्या शोधत आलेल्या, कार्ड हातात धरून आलेले, आमचे दोन सर मुंबईहून आले तेही रस्त्यातल्या माणसाचा माग काढत. मी एका चित्रापासून दुसऱ्याकडे नुसती धावत होते. कुणी विचारलं, हे झाड निळं का, तर मी अर्धा तास सांगत होते आणि ते अर्धा तास ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसं माझ्या रंगांबद्दल मला विचारत होती. पाय जमिनीवर नव्हते.

आणि मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू मधल्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. "अगं बाई! हे तर तुझे बाबा!" सगळा हॉल वळला. "बनियन बघ की गं!" दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला काकूंना तिथेच काहीतरी लागेल असं बोलावंसं वाटलं, पण हसण्याला कारण दिलं होतं मीच. आई संध्याकाळी आली, चित्राकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला आधी बोलायचंस. चांगलं बनियन घालायला लावलं असतं." मग हळूच, "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मी नाही सांगणार. तूच सांग."

पण बाबा शनिवारी आलेच नाहीत. सकाळी मी त्यांची बस यायच्या आत घरातून निघाले होते, आणि मी परतले तेव्हा ते कामावर जायला निघून गेले होते. आमची गाठच पडली नाही.

रविवारी सकाळी पावणेआठला मी आणि कोपरखैरण्याची मैत्रीण हॉल झाडत होतो. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, इथे नाही. बघते तर दारात निळ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं, हातात डब्याच्या पिशव्या, डोळे लाल. सगळ्यांच्या पुढे बाबा.

"बूट बाहेर काढा रे," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी देवळात काढावेत तसे बूट काढले.

ते सरळ मधल्या चित्रासमोर गेले. माझ्या हातातला झाडू तसाच. त्यांच्यातला एक जाडसर मिशांचा माणूस मोठ्याने हसला. "मी बोललो नव्हतो? काल रस्त्यावर बघितलं तवाच बोललो, हा तूच हायस! बसमधी पन असाच झोपतो, हात डोल्यांवर टाकून. ऐकत नव्हता."

बाबा चित्राच्या आणखी जवळ गेले. मिशांचा माणूस हसायचा थांबला. बाकीचे जवळ सरकले. एका वयस्क माणसाने चित्रातल्या पायांकडे बोट दाखवलं, मग खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. घोट्याच्या वर लाल वळ. शेजारच्याच्या पायांवरही. सगळ्यांच्या. सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत उभे होते. मला रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तसे ते एकेक करून बाहेर गेले. बाबा थांबले.

"कधी काढलंस हे?"

"जूनपासून. तुम्ही झोपलात की."

"रोज?"

"आठवड्यातून तीन-चारदा. दुपारची प्रॅक्टिकल्स बुडवून." आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

त्यांनी चित्रातल्या पायांसमोरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, आमच्या खोलीत मी जिथे बसले असेन त्या बाजूला. "मला वाटायचं," ते म्हणाले, "दुपारी घरात कुणी नसतं."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. ते दारात बसून बूट घालायला लागले, मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"उद्या साहेबांना काय सांगणार?" मीच विचारलं.

"सांगतो," नाडी बांधत ते म्हणाले, "तिला काम आहे."