अडतीस गुणांचा ट्रॅक्टर

बाळांनो,

मागच्या रविवारी तुम्ही तिकडच्या कुठल्याशा जत्रेतून एका छोट्या जुन्या ट्रॅक्टरचा फोटो पाठवलात. त्याच्याभोवती दोरी, दोरीला किमतीची पाटी आणि खाली तुमचा निरोप: 'आजी, आपला असाच होता ना? तू युक्ती करून तो वाचवलास, असं आई म्हणते.'

तुमची आई, म्हणजे माझी लेक, ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटली आहे. तिच्या गोष्टीत मी फार हुशार आहे आणि हुशार आहे त्याहून प्रेमळ आहे. ऐकायला मला आवडतं, म्हणून वर्षभर मी गप्प बसले. पण आता ती तुमच्यापर्यंत पोहोचली. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना 'जसं घडलं तसं लिहा' असं बजावणाऱ्या बाईने नातवंडांकडून खोटं प्रशस्तिपत्रक घेणं बरं दिसत नाही. तेव्हा घडलं ते असं.

आजोबा गेल्यावर मी घरातली प्रत्येक दुहेरी वस्तू एकेरी करायला घेतली. दोन इस्त्र्या होत्या, एक दिली. दोन मिक्सर होते, एक दिला. बडोद्याच्या घरातलं आवरून झालं तेव्हा माझी नजर सावली तालुक्यातल्या आपल्या शेतावर गेली. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये दोन ट्रॅक्टर होते. एक मोठा, निळा, अंगापिंडाने भरलेला. दुसरा छोटा, राखाडी, तुमच्या आईच्या जन्माआधी आजोबांनी जुनाच विकत घेतलेला. त्याच्यावर बसलेला माणूस तीनचाकी सायकलवर बसल्यासारखा दिसतो.

ज्यांना तुम्ही काका म्हणता, ते आणि काकी तीस वर्षं आपलं शेत कसतात. त्यांचं पोट मुख्यतः लिंबाच्या बागेवर आहे. ती बाग आजोबांनी लावली, आणि पुस्तकातलं अंतर त्यांना उधळपट्टी वाटल्यामुळे झाडं फार जवळजवळ लावली. त्या ओळींमधून फक्त छोटा ट्रॅक्टर जातो. भाड्याचा मोठा आणला की फांद्या मोडतात. काका साठीच्या पुढचे, कुदळीने एवढी बाग खणणं आता त्यांच्याच्याने होणारं नाही. म्हणजे छोटा गेला की बाग गेली. हे मला माहीत होतं. पण मला माहीत असलेली गोष्ट माझ्या तक्त्यात असतेच असं नाही.

हो, मी तक्ता केला. फूटपट्टीने रेघा मारून. वय, ताकद, सुटे भाग, देखणेपणा आणि लोकप्रियता, प्रत्येकी वीस गुण. लिंबाच्या ओळीत शिरता येणं याला रकाना ठेवला नाही. तो प्रश्न एकालाच येत होता, तो घातला असता तर पेपर पक्षपाती झाला असता!

लोकप्रियतेसाठी मी गावातल्या चहाच्या टपरीवर सात जणांना विचारलं, दोघांतला चांगला कोणता? पहिल्याने उलट विचारलं, "बेन, तमने कयो गमे?" मला मोठा आवडतो, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानंतर सातही जणांना मोठाच आवडला. मी वहीत लिहिलं: एकमत.

मोठ्याला एकाहत्तर गुण पडले, छोट्याला तेहेतीस. पाच मी वरचे दिले, नापास विद्यार्थी घरी पाठवताना माझा हात नेहमीच अडखळायचा. अडतीस. तरी निकाल स्पष्ट होता. छोटा विकायचा.

पण विकताना तुलना पक्की असावी म्हणून जाहिरात मी दोघांचीही टाकली, स्वतःच्या फोनवरून, सुंदर इंग्रजीत. छोट्याबद्दल 'स्वभावाने शांत, घरगुती वापरातला' असं लिहिलं. तुमच्या आईने वाचून विचारलं, "आई, याचं लग्न ठरवतेयस का?"

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले, आणि सगळे छोट्यासाठी. मोठ्याला कुणी विचारीना. मला वाटलं, लोक फोटो उलटे बघतायत. शेवटी एका गृहस्थांनी समजावून सांगितलं. ते बडोद्याचेच, जुनी यंत्रं जमवायचा त्यांना नाद. ते म्हणाले, "मॅडम, मोठा शेतकऱ्याला जुना आणि आम्हाला नवा. शेतकऱ्याला आज त्याहून जोरदार मिळतो, आणि आमच्या दृष्टीने तसले अजून गल्लोगल्ली आहेत. छोटा मात्र टेम्पोत मावतो, बंगल्याच्या अंगणात शोभतो, आणि चालू स्थितीतला तर सापडतच नाही." मग त्यांनी किंमत सांगितली. मी तक्ता काढून 'लोकप्रियता' खोडली आणि पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं.

त्यांना तो त्यांच्या फार्महाऊसच्या फाटकाशी उभा करायचा होता. रविवारी बघायला येतो म्हणाले.

मी शेतावर जाऊन सांगितलं. काका नुसते "सारूं, बेन" म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून परत घातली. काकी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"फाटकाशी उभा करणार? फुलदाणीसारखा?"

"त्यांना त्याची कदर आहे," मी म्हटलं.

"असेल. पछी लींबुडीमां कोण फरशे? एमनी मोटर?"

लिंबांमधून मग कोण फिरणार, हा प्रश्न खराच होता. मी म्हटलं, आपण काहीतरी मार्ग काढू. शाळेत मी हे वाक्य ज्या पालकांना म्हणायचे, त्यांच्यासाठी मी कधीही मार्ग काढला नव्हता. काकींनाही ते कळलं असावं. त्या निवडलेली भाजी घेऊन आत गेल्या.

आता तुमच्या आईच्या गोष्टीत या जागी माझं काळीज हललं आणि मी एक युक्ती योजली. मुलांनो, माझं काळीज हललं हे खरं. पण डोक्यात आलं ते एवढंच की पाहुणे येणार आणि ट्रॅक्टर किती घाण आहे!

रविवारी कुणी घरी येणार असेल तर मी पडद्यांच्या कड्यासुद्धा पुसते. या ट्रॅक्टरवर तर गंजाचे पोपडे होते आणि बॉनेटचा राखाडी रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुटला होता. स्वयंपाकघराच्या कपाटांना दिलेला पिस्ता रंग दोन डबे उरला होता. तो घेऊन मी शुक्रवारी सकाळी शेतावर गेले. काकांनी विचारलं, "रंग शा माटे, बेन?" मी म्हटलं, पहिली छाप महत्त्वाची असते. दोन दिवस आम्ही घासलं आणि रंगवलं. समोर कंपनीची पत्र्याची पाटी होती, त्यावरची अक्षरं काळवंडली होती. ती मी स्वतः पॉलिशपेपरने घासली. काकींनी मला पॉलिशपेपरचा दुसरा तुकडा आणून दिला, मग तिसरा. त्यांना काही ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. पाटी आरशासारखी झाली. अक्षरं मात्र काळेपणाबरोबर निघून गेली.

शनिवारी दुपारी ट्रॅक्टर उन्हात उभा केला. काकांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "बेन, तमे तो आने साडी पहेरावी दीधी!" ते म्हणाले. मी ते कौतुक समजले.

रविवारी गृहस्थ आले. गाडीतून उतरले, चार पावलं आले आणि थांबले. मला वाटलं, भारावले.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "दोन हात मारलेत."

ते ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून पाटीपाशी वाकले. पाटीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असणार. मग ते खाटेवर जाऊन बसले. "मॅडम, मला तो गंज हवा होता. कारखान्यातून आलेला रंग, ती पाटी, त्यावरचा क्रमांक. त्याचीच किंमत होती. आता हा..." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"रंग नवीन आहे, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही," मी समजुतीने म्हटलं.

काका झाडामागे गेले. त्यांचे खांदे हलत होते. काकींनी पाहुण्यांना चहा दिला, त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. पाहुणे सभ्य होते. जाताना म्हणाले, मोठ्याला तरी हात लावू नका.

मी लावला नाही. मोठा पुढे नंदेसरीकडच्या एका माणसाने पाण्याचा टँकर ओढायला नेला, मी ठरवलेल्या किमतीच्या निम्म्यात. एकाहत्तर गुणांचा विद्यार्थी!

राहिला छोटा. इंजिनावर ठोकलेला क्रमांक माझ्या तावडीतून सुटला होता, म्हणून कागद काकांच्या नावावर करता आले. आई याला माझं औदार्य म्हणते. पण ज्या वस्तूची किंमत मी स्वतःच्या हाताने दोन दिवसांत घालवली, ती देऊन टाकण्यात औदार्य कसलं? काका घ्यायला तयार नव्हते. काकी म्हणाल्या, "लई लो. नहितर बेन हवे लींबुडी रंगशे." आता मी लिंबाची झाडं रंगवेन या धास्तीने काकांनी कागद घेतले.

तर अशी ही युक्ती. आईला सांगा, मी कबूल केलं.

छोटा ट्रॅक्टर चालू आहे. लिंबाची एक ओळ गेल्या उन्हाळ्यात वाळली. बाकीच्या सगळ्या आहेत, आणि काका अजून त्यांच्यामधून तो चालवतात.