लाल गाडी थंड होईपर्यंत

…हाव वं नूपुर, तेच तं सांगून राहिली, मी बोलते, तू लिहीत जा. गाडी लालभडक होती. दोनच दरवाजे, अन् बसकी एवढी का आत शिराले माणसाले घडी घालूनच जा लागे. अश्विननं तिचा फोटो पाहिला अन् पोट्टा जेवाचं विसरला. आता अश्विन कोण, तं आपल्या रोशनीचा लहान भाऊ. अन् रोशनी कोण हे ज्याले माहीत नाई, त्याच्यासाठी आधी ते लिही.

रोशनी भिवापूरची. तिची माय अंजनाबाई मिरचीच्या सातऱ्यावर जाये, म्हणजे जिथं लाल मिरची वाळू घालते अन् बाया बसून देठं तोडते, तिथं. पोरगी मायच्या बाजूले. व्यापारी येत, पोत्याच्या तोंडाची चमकदार मिरची पाहून खुश होत. अंजनाबाई पोरीले म्हणे, "वरची मिरची साऱ्यायले दिसते वं. हात बुडापर्यंत घाल, अन् मंग हाताचा वास घे." खाली ओल राहिली असन तं कुबट वास येतेच, कितीबी झाका. तो वास पोरीच्या नाकात जो बसला, तो बसलाच.

पुढं पोट्टी आयटीआयत गेली, मोटार मेकॅनिक झाली. झाली खरी, पण पोरीले गॅरेजात उभं कोण करन? "चहा करता येते का?" असं विचारणारे लय भेटले. नागपुरात सदर भागात गोपाळरावाचं गॅरेज होतं, त्यानं तसं विचारलं नाई. त्यानं पाना हातात देला अन् एका गाडीकडं बोट केलं. "खडखड कोठून येऊन राहिली, सांग." तिनं सांगितलं. "उद्यापासून ये," म्हणे. बस, तेव्हापासून तो तिचा काका.

आता रोशनी आपलं काम आपण करते. धरमपेठेत कोणाले जुनी गाडी घ्याची असली का आधी तिले फोन. स्कूटीवर येते, झोळीत टॉर्च, अन् गाडीखाली झोपाले एक जुनी सतरंजी. विकणाऱ्याच्या घरचा चहा पिते, बाकी त्याच्याकडून काई घेत नाई. तिनं "घ्या" म्हटलं का लोक घेते, अन् "राहू द्या" म्हटलं का मुकाट घरी जाते.

तं झालं असं, का ते लाल गाडी निघाली गोपाळरावाचीच. गॅरेज बंद करून म्हातारा आता जुन्या गाड्या घेते अन् विकते. अश्विन म्हणे, "ताई, तुह्या काकाची गाडी! आता काय पाहाचं राहिलं?" लग्नाचे व्हिडिओ काढून पोट्ट्यानं जे जमवलं, ते सारं त्या गाडीत जाणार होतं. लहानपणापासून अशीच गाडी त्याच्या डोक्यात. निघताना त्यानं संत्रा बर्फीचा डबाबी घेऊन टाकला. सौद्याच्या आधी मिठाई! रोशनीनं तो डबा स्कूटीच्या डिक्कीतच ठेवाले लावला.

हिवाळ्याची सकाळ. गोपाळराव फाटकातच उभा. रोशनीनं आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम.

आता गरम असलं तं काय बिघडलं, म्हणशीन. रात्रभर थंड राहिलेलं इंजिन चालू केलं का खरं बोलते. धूर निघाचा तो तेव्हाच निघते, ठोका वाजाचा तो तेव्हाच वाजते. गरम झालं का सारं झाकून जाते. हे रोशनीले कोणी शिकवलं? याच गोपाळरावानं. "जो गाडी तापवून दाखवन, तो काई तरी लपवून राहिला, समज." अन् आज तोच तापवून उभा.

"काका, गाडी गरम आहे."

"हाव… सकाळी जराशी फिरवली." म्हाताऱ्यानं नजर दुसरीकडं केली.

रोशनीचं मन दोन्हीकडून ओढाले लागलं. ज्यानं हातात पाना देला त्याले भावासमोर खोटा कसं म्हणाचं? अन् गप राहिलं तं भावाचं सारं बुडते. ती म्हणली, "काका, चहा सांगा. गाडी थंड होऊ देऊ."

अश्विन म्हणे, "ताई, गाडी आहे का बासुंदी?"

"तू गप बस बे. बासुंदी असती तं तू कवाच चाटली असती."

मंग तिनं बाकीचं पाहाले घेतलं. उन्हात एका कोपऱ्यावर बसून गाडीच्या अंगावरून नजर फिरवली, कोठी रंगाची लाट, म्हणजे ठोकून पुन्हा रंगवल्याची खूण, दिसते का, दरवाज्याच्या फटी सारख्या आहे का. चारही टायर एकाच वयाचे आहे का. सतरंजी टाकून खाली शिरली, कारण अशी बसकी गाडी अन् आपले गतिरोधक, म्हणजे पोट घासल्याशिवाय राहात नाई. "पळवायची गाडी कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाई," ती म्हणते, "ती पळवलेलीच राहते. म्हणून क्लच अन् ब्रेक साध्या गाडीपरीस जास्त पाहा लागते." तिथवर सारं ठीक होतं.

मंग ती आत बसली. मोगऱ्याचा एवढा वास, का लग्नघरातबी एवढं अत्तर कोणी लावत नाई. अन् त्या मोगऱ्याच्या खाली काई तरी होतं. बारीक. ओळखीचं. पोत्याच्या बुडाचं.

तेवढ्यात गोपाळरावाच्या सुनेनं, शामलानं, चहा आणला. फोनवर बोलता बोलता दूध करपलं होतं बिचारीचं. अश्विननं एक घोट घेतला अन् तुळशीच्या कुंडीकडं पाहाले लागला. गोपाळरावानं मातर फुर्रकन बशी संपवली. "वा! आज इलायची टाकली वाटते."

रोशनीचा कप हातातच राहिला. फाटकातून गाडी आत येताना नुसत्या वासावरून "क्लच जळून राहिला" सांगणारा हा माणूस!

अश्विन फोटो काढाले गाडीकडं गेला, तसं तिनं हळूच विचारलं, "काका, वास कवापासून येत नाई?"

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "त्या मोठ्या साथीच्या बिमारीपासून, पोरी. घरीबी सांगितलं नाई. गाडीवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर त्याच्याकडून गाडी कोण घेईन? तू येणार म्हणून सकाळी फिरवून पाह्यली. म्हटलं, नाकानं सोडलं असन ते कानाले तं सापडन."

"अन् मोगरा?"

"कोणता मोगरा?"

रोशनीच्या छातीवरचा दगड उतरला. काका लपवून राहिला नव्हता; मोगरा मारून कोणी तरी त्यालेच गाडी विकली होती, अन् त्याले समजलंच नव्हतं. पण गाडीचं तं सांगाच लागणार. दुसरी कोणी असती तं तिथूनच ओरडली असती. ती म्हणली, "चाला काका. नाक नाई तं नाई, हात आहे ना."

तिनं सीटचा बेल्ट पुरा ओढला, अगदी शेवटपर्यंत. जो शेवटचा हातभर पट्टा कोणी कवा ओढत नाई, त्याच्यावर वाळलेल्या मातीची रेघ दिसली. मंग खालची चटई सैल करून ती बाजूले सरकली. "तुम्ही पाहा." गोपाळरावानं हात बुडापर्यंत घातला. बाहेर काढला तं बोटांले करडा, बारीक गाळ.

आता अश्विनले सांगाचं काम काकाचं होतं.

म्हाताऱ्यानं हात धोतराले पुसला. "अश्विन, फोटो बंद कर गा. ही गाडी पाण्यात बुडालेली आहे. मी तुले विकत नाई."

"काका, धुऊन-पुसून चालते ना!"

"लेका, हिच्यात जिथं तिथं वायरा आहे. आज चालन, उद्या भर रस्त्यात दगा देईन. तुह्या माय-बापाले मी तोंड काय दाखवू?"

तोवर इंजिन थंड झालं होतं. रोशनीनं चालू करून पाह्यलं, तं एका झटक्यात वाघावानी आवाज! अश्विनले अजूनच रडू आलं. डिक्कीतला डबा आणला, पायरीवर बसला अन् आपलीच बर्फी खाल्ली पोट्ट्यानं.

ती गाडी गोपाळरावानं बुडालेली आहे असं सांगूनच सुट्या भागासाठी देली, पुरा घाटा खाऊन. आता रोशनीनं वास घेतल्याशिवाय तो एकबी गाडी घेत नाई, अन् नाकाचं स्वतःच हसून सांगते, "नवं नाक भिवापूरहून आणलं गा!" अश्विनले अजून गाडी भेटली नाई. पण कोणाच्याबी गाडीत बसला का आधी बेल्ट पुरा ओढून पाहते. लोक हसते, हसू दे.

तं जो कोणी हे वाचून राहिला असन, त्याले माहं एवढंच म्हणणं आहे. तुमच्या ओळखीत कोणी पोट्टा-पोट्टी अशी पळवायची जुनी गाडी घ्याले निघाली असन, तं त्यायले सांगजा: आधी बॉनेटवर हात ठेव. गरम असन तं चहा पी, पण थांब. बेल्ट ओढ, चटई उचल, हात बुडापर्यंत घाल. अन् बर्फी मंग घे म्हणा.