पहिला चीक वासराला

मोठ्या आई काल गेल्या. मला शांत झोप लागली.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी चालू आहेत. मी काही टाकलं नाही. माझं म्हणणं इथे लिहिते.

मोठ्या आई म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. दर्यापूरकडच्या आमच्या गावात बाळंतिणीच्या खोलीत त्यांचाच शब्द चालायचा.

माझी लेक झाली तेव्हा माझं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, त्यांनी पिळायला लावलं आणि मोरीत ओतलं.

"जड असते थे. लेकराले पचत नाई."

लेकराला गुळाचं पाणी चाटवलं. तीन दिवस.

त्याच आठवड्यात गोठ्यात गाय व्याली. मी खाटेवरून ऐकत होते. मोठ्या आई गड्याला सांगत होत्या, "पयला चीक वासराले पाज, नाई तं जगत नाई थे."

उरलेल्याचा खरवस झाला. मलाही दिला. चांगला झाला होता.

मग लेकीला जुलाब, ताप. इन्फेक्शन रक्तात गेलं. अमरावतीच्या दवाखान्यात ती गेली. बारसंही झालं नव्हतं.

डॉक्टर मॅडमना नंतर विचारलं.

"चिकात लॅक्टोफेरिन नावाचं प्रोटीन भरपूर असतं," त्या म्हणाल्या. "जंतूंना वाढायला लोह लागतं, ते हे प्रोटीन आधीच पकडून ठेवतं. जंतूंची उपासमार होते. पण तेवढ्यानं ती नक्की वाचली असती, असं मी नाही म्हणू शकत."

नक्की नाही. पण चान्स तर होता. तो मोरीत गेला.

ते प्रोटीन माझ्या डोक्यात बसलं. शत्रू ज्यावर जगतो, तेच काढून घ्यायचं. मोठ्या आई मानावर जगत होत्या.

त्यांची नातसून अकोल्याला बाळंत झाली, तेव्हा मी आधीच जाऊन बसले. त्या गुळाच्या पाण्याची वाटी घेऊन आल्या. सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं,

"पयला चीक वासराले, तुमीच म्हनता ना? मंग माह्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

नातसुनेनं बाळाला छातीशी धरलं. मी मोठ्या आईंना खुर्ची दिली, बाळ पिताना नीट दिसावं म्हणून.

त्यानंतर गावातल्या एकाही बाळंतिणीनं त्यांना बोलावलं नाही. प्रत्येक घरी मी आधी जाऊन यायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "काहून अशी करून राहिली वं माह्यासंगं?"

पुढे गाय व्याली तेव्हा मी त्यांना खरवस तेवढा पाठवला.

भावपूर्ण श्रद्धांजली माझ्याकडे एकच होती. ती जिचं बारसं राहिलं, तिची आहे.

पोरी, त्या गेल्या. आता तूही नीज.