तीन शिट्ट्यांनंतरची हाक

भुताबिताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसलो. शाळा चौथीत सोडली, पण अक्कल शाबूत आहे. तेव्हा म्हाताऱ्याला भ्रम झालाय असं कोणी म्हणू नये.

दापोली तालुक्यात आमचा सडा, डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. आधी नुसतं गवत. मग बॉक्साइट निघालं नि कंपनी आली… ट्रक, चाळी, दोन खानावळी, न्हावी, एसटीचा थांबा. मुंबईला गेलेले परत आले. मी सुरुंग लावायचो. सगळे मिस्त्री म्हणत.

रीत अशी — वात पेटवण्याआधी मी तीन शिट्ट्या मारायच्या. शेवटच्या माणसाने काठावर चढून ओरडायचं, "खाण मोकळी!" मी आडोशाला असायचो, मला दिसत नसे. भरवसा फक्त हाकेचा.

एक दिवस शेवटचा होता माझा धाकटा भाऊ धोंडू. हाक आली, मी वात पेटवली. धोंडू आतच होता.

हाक ऐकली होती, हे मी पोलिसांना सांगितलं, गावाला सांगितलं. कोणाला पटलं नाही. धोंडूची बायको आनंदी माझ्या शेजारच्याच घरात, पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. पुढे माल संपला. कंपनी गेली, एसटी बंद झाली, लोकांनी चाळींचे पत्रेही उचकटून नेले. खाणीत पाणी भरलं. सड्यावर उरलो आम्ही दोघंच.

यंदा मार्चात, भर दुपारी, खाणीकाठच्या काजूंवर वानरं आली. हाकलायला मी शिट्टी मारली. तीनदा. आनंदी तिथेच बिया वेचत होती.

"खाण मोकळी!"

धोंडूचाच आवाज. आनंदीच्या हातातली टोपली पडली, म्हणजे तिनेही ऐकला. खरं सांगतो, मला भीती नाही वाटली… आनंद झाला.

"ऐकलंस? मी खोटं बोललो नव्हतो," मी म्हटलं.

ती पाण्याकडे बघत राहिली. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलली.

"दादा, ही हाक खालून आली. त्या दिवशी काठावरून आली होती, की आतून?"

मी वानरं तशीच सोडून घरी आलो.

मेलेला माणूस हाक कशी देतो, मला आजही कळत नाही. पण त्या दिवशीची कळली होती. धोंडू आळशी, चढता चढताच ओरडायचा. हाक आतूनच आली होती. ट्रक खोळंबले होते… वाटलं, येईल वर.

आनंदीला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.