चाळीस धवले आणि एक ‘लोकगीत’

मित्रांनो, आज मी स्वतःच्या हाताने वाट लावली.

कॉलेज सोडलं त्या वर्षी चौलजवळच्या जनाकाकूंच्या मागे मांडवामांडवातून फिरलो होतो. लग्नात धवले गाणारी बाई, धवलारीण. तेव्हा रेकॉर्ड केलेले त्यांचे चाळीस धवले फोनवर आहेत. कुठला हळदीचा, कुठला मांडवाचा, ते प्रत्येकाच्या ‘शैली’च्या रकान्यात लिहिलेलं.

सकाळी यादी नीट लावायला सगळे एकदम निवडून त्या रकान्यात ‘लोकगीत’ टाकलं. आधी लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. चाल सारखीच, बोल धड कळत नाहीत, नुसतं ऐकून मला काय कळणार?

काकूंकडे निघालो. मध्येच रेवदंड्याला समुद्र बघत तासभर बसलो, ते जाऊ दे.

“आरं, ही मी काय? आवाज किती म्हातारा वाटतोय!” फोनवर पहिला धवला ऐकून काकू हसल्या.

“काकू, हा कुठला?”

काकूंनी फोन कानाशी धरला. “हातात हळद असली का आपोआप कळतं रं. असं बसून न्हाय सांगता यायचं. चार वरसं कुनी बोलावलंच न्हाय. समदे डीजे लावतात.”

चाळीसातले तीन काकूंनी ओळखले, तेही अंदाजाने.

यंदा तुमच्या घरी लग्न असेल तर धवलारीण बोलवाल का? मी काकूंना घेऊन येतो, हातात हळद आली की बाकीचे सदतीसही कळतील. दुपारपासून सगळ्या ग्रुपवर हेच विचारतोय. आतापर्यंत फक्त डीजेवाल्यांचे नंबर आलेत.