बर्फात आलेलं रक्त

मी बंगळूरला निघाले तेव्हा बाबा सकाळचं दूध संकलन उरकून थेट गडहिंग्लजच्या स्टँडवर आले होते. हातात थर्माकोलचा खोका, आत बर्फात दाबलेला खरवस. "थंड राहिलं की काय बी नासत नाही," एवढंच म्हणाले. आई पदराने नाक पुसत होती. धारवाड येईपर्यंत मी आणि शेजारच्या सीटवरच्या बाईंनी खरवस संपवला. रडत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

आता बंगळूरच्या येलहंका भागातल्या एका लॅबमध्ये आहे. गावाकडे सगळे विचारतात, नक्की करतेस काय? रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आम्ही रंग लावतो, त्या एकेक करून लेझरसमोरून जातात आणि स्क्रीनवर प्रत्येकीचा ठिपका उमटतो. कुठला एकच प्रकार बेसुमार वाढलाय, हे त्या ठिपक्यांवरून कळतं. करमतं का, असंही विचारतात. करमतं. दुकानात कानडीतल्या 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यावर माझं भागतं.

मग आईच्या मानेला गाठी आल्या. पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या आणि डॉक्टरांनी हीच तपासणी सांगितली. "आमच्याकडेच पाठवा," मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. बाबांनी बसने नमुना पाठवला. खोका उघडला, तर आत बर्फ, आणि बर्फात गोठलेली नळी.

आमच्या तपासणीला पेशी जिवंत लागतात. शोभाक्का आमच्या सीनियर, त्यांचं मराठी घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. नळी उजेडात धरून त्या म्हणाल्या, "हे चालत नाही गं. पेशी फुटल्या सगळ्या."

मी बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं राहावं म्हनून ठेवलं, बाळ." मला आधी रागच आला. मग वाटलं, आयुष्यभर दूध सांभाळलेल्या माणसाने रक्तही तसंच सांभाळलं, यात त्याचं काय चुकलं?

दुसरा नमुना घेऊन ते स्वतः आले. एरवी कितीदा बोलावलं, तरी दूध कोण बघणार म्हणून आले नव्हते. नळी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेली, वरून हात.

"घरच्यांचा नमुना आपण लावायचा नाही, बाहेर बस," शोभाक्का म्हणाल्या. तरी मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ठिपके मोकळे पांगायला हवेत तिथे एकच दाट पुंजका होता. मला कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं: रक्ताचा कर्करोग, पण हळू चालणारा. आत्ताच औषध नको, लक्ष ठेवू.

परगावी गेलेल्यांना घरची बातमी सगळ्यात शेवटी कळते, अशी आपली तक्रार असते. आईच्या अंगात काय चाललंय ते मात्र तिच्या आधी मला कळलं, आणि मलाच ते तिला फोनवर सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "तू बघितलंस न्हवं डोळ्यानं? मग झालं. बाबांना जेवाय घाल."

आई अजून इकडे येत नाही. मला काय धाड भरलीय, म्हणते. अधूनमधून बाबाच तिचं रक्त घेऊन येतात. आम्ही दोघं लॅबबाहेरच्या बाकावर बसून निकालाची वाट बघतो. पूर्वी कधीही परत जाता येईल ते घर, असं मी धरून चालले होते. आता शोभाक्का दार उघडून "तसंच आहे, वाढलं नाही," म्हणतात, आणि पुढच्या नमुन्यापर्यंत मला परत जायला घर असतं.